मापाचा हात

मापकाकांचा डावा हात बाजारात प्रसिद्ध होता. खरं काम सगळं उजवा करायचा. स्क्रू फिरवायचा, नळ्या कापायचा, चहाचा कप उचलायचा. पण मान डाव्याला. असं घरोघरी असतंच, त्यामुळे उजव्याने कधी तक्रार केली नाही.

काका ब्लडप्रेशर मोजायची मशीनं दुरुस्त करायचे. जिन्याखालची चिंचोळी जागा, आत एक बाक, बाकावर दिवा, आणि भिंतीतल्या प्रत्येक खिळ्याला लटकलेला दंडाला गुंडाळायचा एकेक पट्टा. ड्रॉवरमध्ये रबरी फुगे, नळ्यांची वेटोळी आणि काट्याच्या गोल तबकड्या. शहरातल्या बहुतेक दवाखान्यांची मशीनं कधी ना कधी या बाकावर येऊन गेलेली. मशीन दुरुस्त झालं की काका पट्टा स्वतःच्या डाव्या दंडाला गुंडाळायचे, कानात नळ्या घालायचे, फुगा दाबायचे आणि उतरत्या काट्यावर डोळे रोखून ठोके ऐकायचे. ठोके सुरू होतात तो वरचा आकडा, थांबतात तो खालचा. वरचा एकशेवीस आणि खालचा ऐंशी आला की मशीन पास. नाही आला की मशीन नापास, पुन्हा उघडायचं.

याला कारण होतं. काकांचं ब्लडप्रेशर वर्षानुवर्षं हललंच नव्हतं. लेकीच्या लग्नात घरातले सगळे डोळे पुसत असताना कुणीतरी गंमत म्हणून मोजलं, तर एकशेवीस-ऐंशी. जागेच्या मालकाशी कडाक्याचं भांडण झालं, ते संपल्या संपल्या मोजलं, तरी एकशेवीस-ऐंशी. एका बड्या डॉक्टरांनी कौतुकाने म्हटलं, "तुमचा हात म्हणजे सरकारी माप आहे हो." झालं. तेव्हापासून ते मापकाका झाले, आणि त्यांनाही ते नाव आवडलं. माणसाला गुणावरून नाव पडायला नशीब लागतं. बहुतेकांना खोडीवरूनच पडतं.

काकांच्या उस्तादांची पद्धत वेगळी होती. भिंतीवर पाऱ्याची उंच नळी टांगलेली होती, ती त्यांचीच. उस्ताद काट्याचं मशीन आणि पाऱ्याची नळी एका दुतोंडी नळीने जोडायचे, पट्टा एका काचेच्या बाटलीला गुंडाळायचे आणि फुगा दाबायचे. पारा जिथे, काटा तिथे, तर मशीन खरं. "माणसावर मशीन तपासू नये," ते म्हणायचे. "माणूस खातो, भांडतो, जिने चढतो. बाटली काही करत नाही." उस्ताद होते तोवर काकांनी बाटली वापरली. ते गेल्यावर थोडे दिवस वापरली. मग एकदा दुतोंडी नळी फाटली, नवी आणायची राहिली, आणि हात तर अंगालाच चिकटलेला होता. पाऱ्याच्या नळीवर काकूंनी शिवलेलं कापड चढलं ते चढलंच.

आता सिगारेटबद्दल. मशीन झालं की एक सिगारेट, हा काकांचा नेम. मशीन होता होईना झालं तरी एक, म्हणजे डोकं चालतं. दुकानाबाहेरच्या पायरीवर शेजारचा घड्याळवाला येऊन बसायचा, एकाच काडीवर दोघांच्या पेटायच्या. हा कार्यक्रम तरुणपणी सुरू झाला, दोघांचे केस पिकले तरी चालूच होता. कुणी टोकलं की काका डावी बाही वर करायचे आणि म्हणायचे, "मोजून बघा. काय बिघडलंय?" टोकणारा गप्प बसायचा. घरी काकू गप्प बसायच्या नाहीत. त्या दुकानासाठी पट्ट्यांची कापडं शिवायच्या, शिलाई मशीन खिडकीशी, आणि काका संध्याकाळी त्याच खिडकीत ओढत उभे राहायचे. धूर बाहेर जावा म्हणून. वाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसल्यामुळे तो धूर परत आत यायचा.

पुढे काय झालं, तर मशीनं बिघडू लागली.

म्हणजे ती बिघडलेलीच यायची, त्याचाच तर धंदा. पण आता दुरुस्त झाल्यावरही नीट होईनात. फुगा बदलला, नळी बदलली, झडप साफ केली, आणि हाताला लावलं की वरचा आकडा एकशे अठ्ठावीस. पुढच्या मशीनचा एकशे तीस. दुसऱ्या वर्षी तर एकशे चाळिसाच्या खाली मशीन यायला तयार नाही. काकांनी निदान केलं, की हल्लीचा माल वाईट. पूर्वीचं पितळ राहिलं नाही, कारखान्यातली पोरं मोबाइल बघत स्क्रू आवळतात. घड्याळवाल्याने मान डोलावली, कारण हल्लीचा माल वाईट या मताला तो कधीच नाही म्हणत नसे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे तर अख्ख्या शहराची अंगणं वाकडी ठरली.

काकांनी मग ती सरळ करायला घेतली. तबकडीच्या पोटात एक इवलीशी पट्टी असते. ती कणभर सरकवली की काटा शून्यावर शहाण्यासारखा बसतो, पण वर चढताना आळस करतो. काका ती सरकवायचे, हाताला लावायचे, पुन्हा सरकवायचे, वरचा एकशेवीस येईपर्यंत. एक गोष्ट मात्र त्यांना खुपायची. वरचा जुळवला की खालचा घसरायचा. ऐंशी हवा तिथे पासष्टच्या आसपास. खालचा जुळवावा तर वरचा पुन्हा डोकं वर काढायचा. दोन्ही एकदम जुळतच नव्हते. पूर्वी असं कधी झालं नव्हतं. "स्प्रिंगमध्येच दम नाही," काकांनी ठरवलं आणि वरच्यावर भागवलं. सगळे वरच्यालाच तर घाबरतात.

अशी जुळवलेली मशीनं दवाखान्यादवाखान्यांत गेली. एक घरीही आलं, कपाटावर बसलं. काकूंचं डोकं दुखायचं त्यासाठी.

काकूंना सकाळी उठताना डोक्याच्या मागे ठणकायचं. कधी कानात शिलाई मशीन चालू असल्यासारखं वाटायचं, ते बंद असताना. काका लगेच पट्टा गुंडाळायचे. "एकशे तीस-बत्तीस," ते म्हणायचे. "वयाला शोभतंय. तू ठणठणीत आहेस."

"अहो, पण डोकं दुखतंय."

"चष्म्याचा नंबर बदलला असेल."

चष्मा बदलला. मग पुन्हा बदलला. यात चष्मेवाल्याचं भलं झालं. काकूंनी हळूहळू डोक्याची गोष्ट काढणं सोडून दिलं. घरात मशीनवाला नवरा, कपाटावर मशीन, आणि मशीन म्हणतंय बरं आहे. मग आपण कुठल्या तोंडाने दुखतंय म्हणायचं, असं त्यांना वाटायला लागलं.

एके दिवशी दुपारी धाकट्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. त्यांच्या वडिलांचा दवाखाना आता त्या चालवायच्या. काका त्यांना फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखत, त्यामुळे कोट घालून आल्या की "तुम्ही" आणि कोट नसला की "तू" असा त्यांचा हिशोब होता. आज कोट होता. हातात मशीन होतं, गेल्याच महिन्यात दुरुस्त करून नेलेलं.

"काका, तुम्ही मशीन दुरुस्त केल्यापासून माझ्या दवाखान्यात कुणी आजारीच पडत नाही," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या. "जाडे, रागीट, गोळ्या विसरणारे, सगळ्यांचं बीपी उत्तम. काल एक गृहस्थ चक्कर येऊन माझ्यासमोर खाली बसले, तरी काटा म्हणतो छान चाललंय. मग मी दुसऱ्या मशीनने मोजलं. बरंच जास्त आलं."

"दुसरं मशीन बिघडलं असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून तिसरं आणलं."

काकांना राग आला. तो त्यांनी दाखवला नाही, बाही वर केली. पट्टा गुंडाळला, ठोके मोजले आणि तबकडी डॉक्टरीणबाईंच्या पुढे धरली. "बघा. वरचा एकशेवीस. मशीन शंभर टक्के."

"आणि खालचा?"

"खालचा थोडा कमी दाखवतो. हल्लीच्या स्प्रिंगा तशाच येतात."

"कमी म्हणजे किती?"

काकांनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या कापडाकडे बोट केलं. "त्याच्याखाली उस्तादांची पाऱ्याची नळी ना? माझे बाबा सांगायचे. काढा बरं ती."

काकांनी आढेवेढे घेतले. दुतोंडी नळी नाही म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी ड्रॉवर उघडून दोन तुकडे आणि एक जोड शोधून काढला. आपल्याच ड्रॉवरमध्ये तो होता हे काकांना माहीत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि इथे गावालाही वळसा घातलेला नव्हता. कापड निघालं. पट्टा पाण्याच्या बाटलीला गुंडाळला. काकांनी फुगा दाबला. पारा दीडशेवर जाऊन थांबला, आणि काटा एकशे पंचविसाच्याही खाली.

"पारा जुना झालाय," काका म्हणाले.

"पारा जुना होतो?"

पारा जुना होत नाही हे काकांनीच डॉक्टरीणबाईंच्या वडिलांना एकदा छाती ठोकून सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बाटलीचा पट्टा सोडून काकांच्या दंडाला बांधला आणि स्वतः कानात नळ्या घातल्या. पारा हळूहळू उतरला. त्यांनी दोनदा मोजलं.

"एकशे सेहेचाळीस. खालचा अठ्ठ्याहत्तर. काका, मशीनं बिघडली नव्हती. हात बिघडलाय."

काकांनी आपल्या डाव्या दंडाकडे बघितलं. दिसायला तर तोच होता.

"मशीन खोटं बोललं तर वर आणि खाली सारखंच बोलेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचा खालचा जागेवर आहे आणि नुसता वरचा चढलाय. दोघांमधलं अंतर वाढलंय. ते मशीन करत नाही, ते रक्तवाहिन्या करतात." त्यांनी ड्रॉवरमधून दोन नळ्या उचलल्या, एक नवी आणि एक कुठल्यातरी मशीनमधून काढून टाकलेली. "या दोन्हींत झटक्याने पाणी सोडलं तर काय होईल?"

हा प्रश्न काकांच्या आवडीचा होता, त्यामुळे ते क्षणभर दुःख विसरले. "नवी फुगेल. झटका पोटात घेईल आणि मग हळूहळू पुढे सोडेल. जुनी कडक झालीय, ती कशाला फुगतेय? झटका तसाच पुढे जाणार."

"हृदयातून निघणारी मोठी धमनी अशीच असते. ठोका पडला की फुगते, म्हणून वरचा आकडा आवरतो. दोन ठोक्यांच्या मध्ये आकसून रक्त पुढे ढकलते, म्हणून खालचा टिकतो. ती ताठ झाली की वरचा चढतो, खालच्याचा आधार जातो, आणि हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर काढावा लागतो."

"आणि ताठ होते कशाने?"

डॉक्टरीणबाईंनी बाकावरच्या डब्याच्या झाकणाकडे पाहिलं. त्यात थोटकं होती. "थोडी वयाने होतेच. पण प्रत्येक सिगारेटने ती थोडा वेळ ताठ होते, आणि इतकी वर्षं रोज केलं तर मऊ व्हायचं विसरते."

"मी कधी खोकलोसुद्धा नाही."

"धमनी खोकत नाही, काका. दुखतही नाही. म्हणूनच मोजायचं असतं." मग त्या उठल्या आणि दारात थांबून, कोट असूनही जरा हळू आवाजात म्हणाल्या, "हातावरून जुळवलेली किती मशीनं बाहेर आहेत?"

"सगळीच," काका म्हणाले.

त्या गेल्यावर काका पायरीवर बसले. सवयीने पाकीट निघालं, सवयीने घड्याळवाला आला. काकांनी त्याला सगळं सांगितलं. घड्याळवाला विचारात पडला. "सांगून टाक मशीनं उन्हात तापली म्हणून," त्याने सल्ला दिला. "हातावरून मापायला काय हरकत आहे? मी पण दुकानातली सगळी घड्याळं माझ्या मनगटावरच्यालाच लावतो." एवढं बोलून तो थांबला, मनगटाकडे बघितलं, आणि सिगारेट न पेटवताच आत निघून गेला.

काका एकेक दवाखाना आठवू लागले. चौकातला, पुलाखालचा, बायकांच्या दवाखान्यातली दोन, शाळेजवळचा म्हातारा डॉक्टर. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बाही वर करून बसलेलं त्यांना दिसत होतं. हे सगळं मनात फिरून झाल्यावर शेवटी आठवलं कपाटावरचं मशीन. एकशे तीस-बत्तीस, ठणठणीत, चष्म्याचा नंबर. ते तसेच उठले, पारा सांडू नये म्हणून नळीचा खालचा खटका बंद केला, ती भिंतीवरून उतरवली आणि उभीच्या उभी छातीशी धरून घराकडे चालू लागले. रस्त्यात लोक वाट देत होते. एका बाईंनी विचारलंही, काय आहे हो. काकांनी ऐकलं नाही.

काकू पट्टा शिवत होत्या. नवरा अवेळी आलेला आणि हातात उस्तादांची नळी, म्हणजे दुकानाला आग लागली असणार, असं त्यांना आधी वाटलं. काकांनी नळी टेबलावर भिंतीला टेकवून उभी केली. "हात दे," ते म्हणाले.

"आधी पाणी तरी प्या."

"आधी हात दे."

पारा चढला आणि उतरू लागला. काकांना नेहमी ठोका ऐकू यायच्या कितीतरी आधी तो ऐकू आला. त्यांनी काकूंना पाच मिनिटं गप्प बसवलं आणि पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. एकशे बासष्ट, खालचा चौऱ्याण्णव. काकांनी आकडा सांगितला आणि मग बाकी सगळंही सांगितलं. हाताबद्दल, काट्याबद्दल, पट्टी सरकवल्याबद्दल.

काकूंनी पाऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं डोकं खरंच दुखत होतं."

"खरंच म्हणजे? तू सांगतच होतीस की."

"मी सांगत होते. काटा नाही म्हणत होता. तुम्ही काट्याचं ऐकलंत, मग मीही त्याचंच ऐकलं. मला वाटलं, मीच कुरकुरी झालेय." त्यांनी चष्मा काढला, पुसला. "मोजणारे तुम्ही, हात तुमचा, मशीनही तुमचंच. आपला हात जगन्नाथ. मध्ये मी बोलणार कुठे?"

आपण हिला इतकी वर्षं ओळखतो, आणि एका तबकडीवर जास्त विश्वास ठेवला, याची काकांना लाज वाटली आणि भीतीही वाटली, लाजेपेक्षा भीती जास्त.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. कोट नव्हता, त्यामुळे सगळं "तू"त झालं. त्यांनी काकूंना तपासलं, गोळी लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि दोघांनाही मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे एक यंत्र होतं, ते ठोक्याची लाट मानेपासून मांडीपर्यंत किती वेगाने पोचते ते मोजत होतं. काकांची लाट एकदम वेगात निघाली. "पहिला आलो की काय?" काकांनी विचारलं. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "काका, इथे हळू जाणारा जिंकतो. नळी जितकी ताठ, लाट तितकी पळते." काकूंची लाटही वयाच्या मानाने पळतच होती.

"तुम्ही कधी ओढलीत का?" परत आल्यावर डॉक्टरीणबाईंनी काकूंना विचारलं.

"मी कशाला ओढू? घरात आयती येते."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण थोड्याच. दुसऱ्याच्या धुराचाही धमन्यांवर परिणाम होतो, त्या म्हणाल्या. काकूंच्या बाबतीत त्यातलं किती वयाचं, किती घराण्यातून आलेलं आणि किती खिडकीतलं, हे वेगळं काढून सांगता येणार नाही. काकांना वाटलं, ते सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. निदान आपला वाटा किती हे कळलं असतं.

त्या आठवड्यापासून काका बाटली, दुतोंडी नळी आणि उस्तादांचा पारा घेऊन दवाखान्यादवाखान्यांत फिरले. दारात उभं राहून एकच वाक्य: "माझा हात चुकला, तुमचं मशीन द्या." पहिल्या दवाखान्यात ते बोलताना घाम फुटला. चौथ्यापर्यंत सराव झाला. बायकांच्या दवाखान्यातल्या मोठ्या नर्सने सगळ्यांसमोर त्यांना असं झाडलं, की बाकावर बसलेल्यांचीही ब्लडप्रेशरं वाढली असतील. काकांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं, मग मशीन जुळवून दिलं आणि कोणाकोणाला पुन्हा बोलवायचं ते आजच बोलवा म्हणून हात जोडले. शाळेजवळच्या म्हाताऱ्या डॉक्टरांचं तर वेगळंच. आपलं बीपी इतकं छान आहे हे बघून त्यांनी दोन वर्षांपूर्वी बंद केलेलं खारं पुन्हा सुरू केलं होतं, चवीने. पारा बघून ते खुर्चीत मागे रेलले. "दुष्टा," ते म्हणाले, "एवढं खरं सांगायला यायचंच होतं तर निदान जेवण झाल्यावर यायचं." मग त्यांनी स्वतःच्या जुन्या गोळ्या शोधायला घेतल्या आणि काकांना चहा दिला.

सुदैवाने कुणाचं भरून न निघणारं नुकसान झालं नव्हतं. बऱ्याच लोकांच्या गोळ्या वाढल्या, काहींच्या नव्याने सुरू झाल्या. काकांनी दुकानात नेम केला: प्रत्येक मशीन बाटलीवर. हातावर काही नाही.

सिगारेट सुटायला मात्र वेळ लागला. लोक सांगतात, पाकीट चुरगाळलं आणि संपलं. तसं काही झालं नाही. काकांनी पहिल्या आठवड्यात "शेवटची" सिगारेट इतक्या वेळा ओढली, की घड्याळवाला म्हणाला, तुझ्या शेवटाला शेवटच नाही. मशीन झालं की हात आपोआप खिशात जायचा. मग काकांनी खिशात रबरी फुगा ठेवला. हात गेला की तोच दाबत बसायचे. दिवसभर पायरीवर एक म्हातारा माणूस रिकाम्या हवेचं ब्लडप्रेशर मोजतोय असं वाटायचं. चिडचिड वाढली, एका ग्राहकाला त्यांनी विनाकारण बोलून घेतलं, एकदा तर घड्याळवाल्याची पेटलेली सिगारेट त्याच्या बोटांतून काढून एक झुरका मारला आणि घरी येऊन काकूंना स्वतः सांगितलं. काकू म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता जेवा." पण हळूहळू दिवस जात राहिले. घड्याळवाला आता पलीकडच्या पायरीवर बसून ओढतो, वारा कुठून येतोय ते बघून. खिडकीत काका अजूनही संध्याकाळी उभे राहतात. काय करावं सुचत नाही म्हणून काकूंना दोरा ओवून देतात.

पाऱ्याची नळी घरून परत दुकानात गेलीच नाही. दुकानासाठी काकांनी दुसरी मिळवली. घरातली टेबलामागच्या भिंतीवर टांगली, आणि काकूंनी मोजायला शिकून घेतलं. स्वतःच्या हाताबाबत काकांवर आता कुणाचाही विश्वास नव्हता, काकांचाही नव्हता. आधी काकूंना ठोकेच ऐकू येईनात. नळ्या कानात उलट्या घातल्या होत्या. मग त्यांचा कान असा तयार झाला की खालचा ठोका कुठे थांबतो याबद्दल त्या नवऱ्याशी वाद घालायला लागल्या, आणि बहुतेक वेळा जिंकायच्या.

काकूंचा आकडा गोळीने खाली आला. सकाळचं ठणकणं गेलं, कानातलं शिलाई मशीन बंद पडलं. काकांचा मात्र रेंगाळत होता. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं: धमन्या इतक्या वर्षांत ताठ झाल्या आहेत, सिगारेट सोडल्याबरोबर त्या मऊ होत नाहीत. काही वर्षं लागतात, आणि थोडा ताठपणा राहूनही जाईल.

एका संध्याकाळी काकूंनी पट्टा गुंडाळला, फुगा दाबला आणि पाऱ्यावर नजर ठेवून सावकाश हवा सोडली. काकांनी श्वास धरला होता.

"श्वास सोडा. तसं केल्याने कमी येत नाही," काकू म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "एकशे अडतीस. खालचा सत्याहत्तर."

"अडतीस?" काकांचा चेहरा पडला. "इतके महिने झाले, एकही ओढली नाही मी."

"मग उतरलाच ना. सेहेचाळीस होता."

"उतरला म्हणजे किती, एवढासा. तू एकशे तीस म्हण की. घरातल्या घरात तुझं काय जातंय? कोण बघायला आलंय?"

काकूंनी कानातल्या नळ्या काढून मांडीवर ठेवल्या. त्यांना राग आलेला नव्हता. "मला दोन वर्षं कमी सांगत होतात," त्या म्हणाल्या. "मुद्दाम नाही, माहितेय मला. पण त्या कमी आकड्यावर मी रोज उठत होते, शिवत होते, आणि एखाद्या दिवशी उठले नसते तर तुम्हाला कारणही कळलं नसतं. तुम्हाला मी एकानेही कमी सांगणार नाही."

काकांनी पाऱ्याकडे बघितलं. तो खाली जाऊन शांत उभा होता. दंडाला पट्टा तसाच होता, तो सोडायचं दोघांनाही सुचलं नाही.

"तुला राग नाही आला तेव्हा?" त्यांनी विचारलं. हे विचारायला त्यांना इतके महिने लागले होते.

"आला होता की. पण आधी डोकं थांबू दे म्हटलं, मग रागावू. डोकं थांबलं तेव्हा तुम्ही सिगारेट सोडून फुगा दाबत बसला होतात. त्या अवतारावर कोण रागावणार?"

काका हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ते लपवण्यासाठी त्यांनी खिडकीकडे तोंड केलं, पण हात काकूंच्याच मांडीवर राहिला.

"उद्या पुन्हा मोज," ते म्हणाले.

"मोजेन. पण येईल तेच सांगेन."

"तेच सांग," काका म्हणाले.